शेवटच्या डब्याचा शेरा

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात माझी पोस्टिंग जम्मूच्या मैदानी भागातल्या एका ब्रिगेड हेडक्वार्टरला झाली. जागेचं नाव लिहीत नाही. सीमा तिथून जीपने वीस मिनिटांवर होती. मी हवालदार होतो आणि इंटेलिजन्स सेक्शनला होतो. सेक्शन म्हणजे एक कॅप्टन साहेब, मी, दोन जवान, तीन टेबलं, एक कॉम्प्युटर आणि भिंतीवर नकाशे.

इंटेलिजन्स म्हटलं की लोकांना हेरगिरी वाटते. आमचं काम बरंचसं तलाठ्यासारखं होतं. पुढच्या चौक्यांवरून कागद यायचे. समोर कुठे नवीन माती उकरलेली दिसली, कुठे ट्रक वाढले, कुठे कुत्री भुंकली. ते वाचायचे, एकमेकांशी जुळवायचे, स्वच्छ टाइप करायचे आणि संध्याकाळी सहाच्या आत साहेबांच्या टेबलावर ठेवायचे.

मी बी.ए. आहे. विषय भूगोल. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. आई-वडील दोघंही खाडीकडच्या मिठागरावर काम करायचे. मी कासू स्टेशनवरून गाडी पकडून पेणला कॉलेजला जायचो. तिथल्या भूगोलाच्या सरांनी मला नकाशा वाचायला शिकवला आणि स्वच्छ लिहायला शिकवलं. फौजेत मला जे काही मिळालं, ते या दोन गोष्टींमुळे. सरांचे उपकार मी विसरणार नाही. पुढे जी चूक झाली ती माझी आहे. शिकवणीची नाही.

त्या हिवाळ्यात सीमेवर गोळीबार वाढला होता. समोर फौज वाढते आहे का, असा प्रश्न होता. वरून आम्हाला एक काम आलं. समोरच्या बाजूला सीमेच्या दिशेने एक सिंगल रेल्वे लाइन येते. त्या लाइनवरून रोज जास्तीत जास्त किती माल येऊ शकतो, याचा अंदाज द्या.

हे का लागतं ते सांगतो. फौज आणून उभी करता येते. पण तिला रोज रेशन, डिझेल आणि दारूगोळा लागतो. रेल्वे किती टन आणू शकते हे कळलं, की समोर किती फौज किती दिवस उभी राहू शकते हे कळतं. आकडा मोठा निघाला असता तर आमच्या मागच्या पाच गावांना घरं सोडायला सांगावं लागणार होतं. गावांत गहू उभा होता. शाळा चालू होत्या.

हातात माहिती थोडी होती आणि कुठल्याच माहितीवर पूर्ण भरवसा नव्हता. एक जुना नकाशा. त्यांच्याकडच्या एका वर्तमानपत्रातली बातमी, की मालगाड्यांना इंजिनं कमी पडतात. एक फोटो, वरून घेतलेला, अर्धा ढगाखाली. आणि आमची एक ओपी, म्हणजे ऑब्झर्वेशन पोस्ट. तिथून ती लाइन तीनेक किलोमीटरवर होती.

सिंगल लाइन म्हणजे काय, हे मला पुस्तकातून शिकावं लागलं नाही. आमच्या लहानपणी पनवेल-रोहा लाइन सिंगलच होती. कासूहून मालगाडी सुटली की ती नागोठण्याला पोचेपर्यंत मधला रूळ तिचा. समोरून पॅसेंजर असेल तर मालगाडी कासूच्या लूपमध्ये, म्हणजे स्टेशनातल्या बाजूच्या रुळावर, पडून राहायची. आम्ही मुलं वॅगन मोजत बसायचो. म्हणून मी कागदावर आधी तेच केलं. दोन स्टेशनांमध्ये गाडीला लागणारा वेळ काढला. दिवसात किती गाड्या बसतात ते काढलं. पॅसेंजर वजा केल्या. उत्तर आलं, पाच ते दहा. पाच आणि दहा यात एका डिव्हिजनचा, म्हणजे दहा-पंधरा हजार फौजेचा फरक पडतो. त्यामुळे मोजणी आवश्यक होती.

मोजणारा होता नायक दत्ताराम शिगवण. पायदळ बटालियनचा. गाव निडी. निडी हे नागोठणे आणि रोहा यांच्यामधलं छोटं स्टेशन. त्याच्या वडिलांची भातशेती, भातानंतर वाल. घरापासून रूळ हाकेच्या अंतरावर. ब्रिगेडच्या एका ब्रीफिंगला तो आला, मी त्याच्या बोलण्यावरून गाव ओळखलं, आणि तेव्हापासून आमचं जमलं.

धुक्यामुळे ओपीवरून सकाळी दहापर्यंत काही दिसायचं नाही. समोरचे लोक मालगाड्या नेमक्या त्याच वेळात चालवायचे. पण थंडीत धुक्यातून आवाज फार लांबून येतो. त्या लाइनवर कालव्यावरचा एक लोखंडी पूल होता. गाडी पुलावर आली की प्रत्येक चाकाचा ठोका वेगळा ऐकू यायचा. दत्ताराम कानाने मोजायचा. पहिल्या दिवशी त्याने मला लाइनवर, म्हणजे फील्ड टेलिफोनवर, समजावलं.

"वॅगनचे चार ठोके, बीए. भरलेली आसंल तर बसका आवाज. रिकामी थाळीवानी वाजते."

"आणि मोजतोस कसा? अंधुक उजेडात लिहिता येतं?"

"लिवतो कशाला. वाल हायत खिशात. एक वॅगन गेली की एक वाल डाव्या खिशातून उजव्यात."

"घरचे वाल आणलेस?"

"मंग काय, तुमच्या पेणचं मीठ आणू मोजायला?"

तो मला कधी हवालदार म्हणाला नाही. चारचौघांत "सर", नाहीतर "बीए". मी टाइप केलेला रिपोर्ट एकदा त्याने पाहिला. खाली रेघा, समास, सगळं नीट. बराच वेळ बघून म्हणाला, "पेणवाले तुम्ही. मातीला रंग लावून देव करता. तू आकड्यांचा करतोस."

"निडीला गाडी थांबते हे नशीब समज," मी म्हणालो.

त्याच्या लॉगशीटवर पाच रकाने होते. वेळ, दिशा, वॅगन, भरलेली की रिकामी, आणि शेवटचा शेरा. लॉग हिंदीत लिहायचा नियम होता. पहिले चार रकाने तो हिंदीत भरायचा. शेऱ्यात मात्र मराठीत काहीबाही लिहायचा. "आज वारा उलटा." "भोंगा घोगरा, कालचंच इंजिन." मी फेअर कॉपी टाइप करताना शेऱ्याचा रकाना गाळायचो. ते गावठी मराठी साहेबांसमोर कसं ठेवायचं, असं मला वाटायचं. त्याचा अपमान होऊ नये म्हणून गाळतो, असं मी स्वतःला सांगत होतो. खरं कारण वेगळं होतं. कागद माझ्या नावाने जात होता आणि तो मला स्वच्छ हवा होता.

दहा दिवसांच्या मोजणीनंतर सरासरी आठ आली. रोज आठ मालगाड्या. मी टन काढून रिपोर्ट दिला.

कॅप्टन साहेबांनी तो दोनदा वाचला. "म्हात्रे, आठ गाड़ियाँ? इनके पास इतने इंजन कहाँ से आए?"

"सर, काउंट पक्का है."

"गाड़ी पूरी सुनता है वो, शुरू से आख़िर तक?"

"जी सर."

"और कोई बात? कुछ अजीब?"

"नहीं सर."

एकच गोष्ट लॉगमध्ये पुन्हा पुन्हा येत होती. गाडी जायची, थोड्या वेळाने एकटं इंजिन उलट दिशेने परत जायचं, मग दुसरी गाडी यायची. आम्हा दोघांनाही त्यात अजीब काही वाटलं नाही. आमच्या लाइनवर रोह्याच्या कंपन्यांच्या सायडिंगकडे एकटं इंजिन जाणं-येणं रोजचंच. मध्य प्रदेशातला किंवा बंगालमधला कुणी असता तर त्याने कदाचित विचारलं असतं, की हे इंजिन परत का जातं. आम्ही विचारलं नाही. आम्हाला ते ऐकायची सवय होती.

साहेबांनी रिपोर्ट वर पाठवला. दुसऱ्या दिवशी वरून प्रश्न आला. आकडा इतर माहितीशी जुळत नाही. अठ्ठेचाळीस तासांत खात्री करा. दरम्यान पाच गावांच्या सरपंचांना तयारीत राहायला सांगितलं गेलं.

दत्तारामचा ओपीवरचा मुक्काम संपत आला होता. त्याच्या जागी रिलीफचा माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी जाणार होता. मी साहेबांना म्हणालो, नवीन माणसाला ते ठोके कळणार नाहीत. दत्तारामला आणखी दोन दिवस ठेवा. साहेबांनी बटालियनला फोन केला. ते मान्य झालं.

मी त्याला लाइनवर सांगितलं. तो म्हणाला, "तुज्या आठाचे नऊ करून देऊ का? लवकर सुटंन मी."

पहिल्या दिवसाची मोजणी आली. परत आठ. त्या दुपारी मी सगळी मूळ लॉगशीट काढून टेबलावर मांडली. पहिल्यांदा शेऱ्याचा रकाना सलग वाचला. चौथ्या दिवशी लिहिलं होतं, "पयल्या गाडीला गार्डचा डबा नाय." सहाव्या दिवशी, "पयलीला डबा नाय, दुसरीला हाय." आठव्या दिवशी फक्त, "परत तेच."

मी ते वाचलं तेव्हा दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं झाली होती.

मालगाडीच्या शेवटी गार्डचा छोटा डबा असतो. त्याचे चारऐवजी दोनच ठोके पडतात. तो नसेल तर गाडी पूर्ण नाही. पहिली गाडी म्हणजे गाडीचा पुढचा अर्धा भाग होता. त्यांचा शेवटच्या स्टेशनचा लूप आखूड असणार. लांब गाडी त्यात मावत नसणार. म्हणून मागच्या स्टेशनवर तोडून अर्धी आणायची, इंजिनाने परत जायचं, आणि उरलेली अर्धी आणायची. आम्ही एका गाडीच्या दोन मोजत होतो. खरा आकडा चार होता. वर्तमानपत्रातली बातमी खरी होती.

त्या क्षणी मी साहेबांकडे जायला हवं होतं. ते शेजारच्या खोलीत होते. बारा पावलांवर. मला एवढंच सांगायचं होतं, की सर, ही माहिती आठवडाभरापूर्वीच आली होती आणि मी ती टाइप केली नाही. ते सांगितलं असतं तर आकडा तिथेच बदलला असता आणि दत्ताराम त्याच संध्याकाळी खाली आला असता.

मी गेलो नाही. मी विचार केला, की एकदा नव्याने खात्री झाली तर जुने शेरे दाखवावे लागणार नाहीत. उद्याचा दिवस तर हातात आहे. मी लाइन मागितली.

"दत्ता, उद्या वॅगन मोजू नकोस. फक्त शेवट ऐक. प्रत्येक गाडीचा शेवट."

"गार्डचा डबा का?"

"हो."

तो म्हणाला, "मी लिवलं होतं की ते."

"नीट ऐकायचंय. पक्कं."

"बंकरच्या आतून तो डबा नीट नाय येत ऐकू. मागच्या दिवसांत सकाळी शांत होतं, तवा मी ट्रेंचमदी उभा राहून ऐकलेलं. आता ते रोज सकाळी फायर ठोकतात."

मी म्हणालो, "दोन मिनिटं लागतील. फक्त शेवटाला बाहेर ये."

तो म्हणाला, "बरं बीए."

हे वाक्य मी कितीतरी वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. बंकरच्या बाहेर ये असं मी सांगितलं. ते सांगायचा मला अधिकार नव्हता. तो माझ्या बटालियनचा नव्हता. तो बाहेर आला, कारण सांगणारा त्याच्या लाइनवरचा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सात वाजल्यापासून टेलिफोनजवळ होतो. धुकं दाट होतं. आठ दहाला दत्ताराम लाइनवर आला.

"पयली गेली. डबा नाय."

"शुअर?"

"शुअर. आत आलो मी."

आठ छत्तीसला परत, "एकटं इंजिन मागं गेलं."

"ओके. दुसरी आली की शेवट."

"व्हय. चा सांग साहेबांच्यातला. आज येतो मी खाली."

समोर एक एमएमजी होती. मीडियम मशीनगन. धुक्यात काही दिसत नसताना ती ठरावीक दिशेला बांधून ठेवतात आणि मधूनमधून एक बर्स्ट, म्हणजे गोळ्यांची एक सर, सोडतात. तिला फिक्स्ड लाइन म्हणतात. कुणाला पाहून मारलेली गोळी नसते ती. नऊ वाजून चार मिनिटांनी आमच्या खोलीतही त्या बर्स्टचा आवाज आला. लांबून, कापड फाटल्यासारखा. रोज यायचा. मी घड्याळ बघून नोंद केली.

नऊ सातला लाइन वाजली. दत्ताराम नव्हता. त्याच्याबरोबरचा शिपाई होता, कोल्हापूरकडचा, नवीन.

"सर, शिगवण नायकांना लागलंय."

"कुठे?"

"मानेला. स्ट्रेचर मागवलंय."

"बोलतोय का?"

"आता नाही, सर." मग तो म्हणाला, "आधी बोलले. म्हणाले, सांग, दुसरीला डबा हाय."

स्ट्रेचर पार्टी नऊ अठ्ठावीसला पोचली. डॉक्टरांनी नऊ पन्नासला पाहिलं. तोपर्यंत दत्ताराम गेला होता.

मी दहा वाजता साहेबांना नवीन आकडा दिला. चार. कारण लिहिलं. शेऱ्यांबद्दल लिहिलं नाही. आकडा इतर सगळ्या माहितीशी जुळला. संध्याकाळपर्यंत सरपंचांना निरोप गेले, की राहा घरीच. एकाही घराला कुलूप लागलं नाही. पुढच्या वर्षी मला कमेंडेशन कार्ड, म्हणजे फौजेचं प्रशस्तिपत्र, मिळालं. माझ्या आईने ते कासूच्या घरात देवाच्या फळीवर ठेवलं. ती गेली तरी मी ते काढलं नाही आणि कधी हातात घेतलं नाही.

दत्तारामला निडीला आणलं तेव्हा मी ड्युटीवर होतो. मला सुट्टी मिळाली असती. मी मागितली नाही.

याला नऊ वर्षं झाली. मी निवृत्त होऊन तीन. पेणला भरतीच्या लेखी परीक्षेसाठी मुलांना शिकवतो. कासूहून निडी गाडीने किती लांब आहे, हे या भागात सगळ्यांना माहीत आहे. मला तिथे उतरायला नऊ वर्षं लागली.

गेल्या महिन्यात रोह्याजवळच्या अष्टमी गावात एका कार्यक्रमात दत्तारामच्या बटालियनमधला एक जण भेटला. बोलता बोलता म्हणाला, "शिगवणचा बाप अजून पोराचं नाव काढू देत नाय. आमच्यातल्याच कुणीतरी तेव्हा सांगितलं त्याला, की पोरगा उगाच बंकरबाहेर आला. ऑर्डर नव्हती. तेव्हापासून म्हातारा त्याच्यावर रागावून बसलाय."

पुढच्या रविवारी मी गेलो. सकाळची गाडी. दत्तारामचे वडील ओटीवर वालाच्या शेंगा सोलत होते. त्यांना सगळे आबा म्हणतात. दत्तारामची बायको, सुनंदावहिनी, आतून पाणी घेऊन आली. मी नाव सांगितलं.

आबा म्हणाले, "कासूचा बीए. फोनवर बोलायचा तो तुज्याबद्दल."

मी उभ्यानेच सगळं सांगितलं. गाड्या, डबा, शेरा, मी न टाइप केलेला रकाना, दोन वाजून दहा मिनिटं, बारा पावलं. बाहेर ये असं मी सांगितलं, हे सांगितलं. रिपोर्ट देताना सांगतात तसं सांगितलं. दुसऱ्या कुठल्या पद्धतीने मला ते जमलं नसतं.

वहिनी दाराला धरून उभी होती. ती म्हणाली, "म्हंजे त्यांनी आधीच लिवलं होतं?"

"हो वहिनी. तीनदा."

"आणि तुमी वाचलं नाय."

"नाही."

ती आत गेली.

आबा शेंगा सोलत राहिले. मग त्यांचे हात थांबले.

"म्हंजे त्याला सांगितलेलं. मनाने नाय आला बाहेर."

"नाही आबा. मी सांगितलं म्हणून आला."

"मी नऊ वर्सं त्याच्यावर राग धरून हाय," ते म्हणाले. "घरात बायको, पोर लहान. आन् हा उगाच बाहेर जातो. शहीद म्हणून गेटावर बोर्ड लावला गावाने, मी तिकडून जात नाय. मागच्या वाटेने जातो शेतावर."

त्यांनी हातातली शेंग खाली ठेवली.

"रोज सकाळी उठलो की पयला त्याला शिव्या द्यायचो. मनात. तेवढं तरी बोलणं व्हायचं त्याच्याशी." त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "आता ते पण गेलं."

"आबा, राग माझ्यावर धरा."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. कितीतरी वेळ. "बगतोय मगापासून," ते म्हणाले. "नाय येत."

आतून सुनंदावहिनीच्या रडण्याचा आवाज आला. आबा उठले नाहीत. "रडू दे तिला," म्हणाले. "माज्या धाकाने कदी रडली नाय ती मोकळी."

मी निघताना विचारलं, की हे मी लिहू का. आमच्या माजी सैनिकांच्या अंकात. छापलं तर लोकांना कळेल.

"लिव," आबा म्हणाले. "तुजी चूक लिव नायतर नको लिवू, ते तुजं तू बग. पण तो सांगितल्यावरून आला होता ते लिव. आन् त्याचं नाव पुरं लिव."

ते ओटीवरून उतरून माझ्याबरोबर रस्त्यापर्यंत आले. स्टेशनला जायला दोन वाटा होत्या. ते थांबले, आणि मला पुढच्या वाटेने घेऊन गेले. बोर्डाशी आल्यावर त्यांनी चष्मा शोधायला खिसे चाचपले. चष्मा घरी राहिला होता. मला म्हणाले, "वाच."

मी वाचलं. बोर्डावर नाव अर्धंच आहे. इथे पूर्ण लिहितो.

नायक दत्ताराम गोविंद शिगवण. राहणार निडी, तालुका रोहा. त्या सकाळी तो माझ्या सांगण्यावरून बाहेर आला होता.